पाच उत्तरांची फळी

मित्रांनो, ग्वाल्हेरच्या दौलतगंजात एक जुना दवाखाना आहे. तिथे पाण्याच्या माठावर एक चौकोनी लाकडी झाकण आहे आणि त्या झाकणाच्या एका कडेला पितळेचा चिमटा आहे. माठाच्या झाकणाला चिमटा कशाला, असे अजून कुणीही विचारलेले नाही. ते झाकण म्हणजे मी. पूर्वी मी लिहायची फळी होते. कागद चिमट्यात अडकवायचा, फळी मांडीवर घ्यायची आणि लिहायचे, एवढ्यासाठी मला घडवले होते.

माझा जन्म याच दौलतगंजात झाला. एका सुताराने कुणाच्या तरी घराचे सागवानी दार केले, त्यातून उरलेला तुकडा म्हणजे मी. त्याने मला रंधून गुळगुळीत केले, तेल चोळले आणि चिमटा बसवला. तेव्हा इथे संस्थान होते. महसूल खात्याने फिरतीवरच्या कारकुनांसाठी अशा फळ्या मागवल्या होत्या. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने ‘ग्वाल्हेर सरकार’ असे लिहिले गेले, खाली क्रमांक घातला गेला आणि मी सरकारी झाले.

ते दिवस मला फार आवडत. कारकून झाडाखाली बसे आणि समोरच्या शेतकऱ्याला विचारी, शेत कोणते, बिघे किती, विहीर आहे का. उत्तरे सोपी असत आणि खोटे उत्तर आले तर चार पावले चालून विहीर बघता येई. अक्षरे मला वरून दिसत नाहीत, ती खालून टोचतात. पेन्सिलीचे टोक कुठे दाबले, कुठे थांबले, कुठे नुसतेच कागदावर टेकून राहिले, यावरून मी वाचायला शिकले. कारकून माझे कौतुक करी. “ही फळी असली की मला टेबलाची गरज नाही,” असे तो तंबूत येणाऱ्या प्रत्येकाला सांगे.

मग संस्थान विलीन झाले. माझ्या पाठीवरची अक्षरे खरवडून तिथे ‘मध्यभारत’ लिहिले गेले. मला काही उमजेना. मी तीच होते, कारकून तोच होता, शेते जिथल्या तिथे होती. मग बदलले ते काय? पुढे कारकून निवृत्त झाला, खात्यात नवे सामान आले आणि माझ्यासारख्या जुन्या वस्तूंचा लिलाव झाला. तिथून मला डॉक्टर दिनकरराव सबनीस यांनी आपल्या दवाखान्यात आणले.

डॉक्टर सबनीस उंच होते आणि बोलायचे सावकाश, समोरच्याला घाई वाटू नये असे. खाली दवाखाना आणि वर घर. हाताखाली महिपतराव नावाचे कंपाउंडर होते. त्यांनी तरुणपणी दरबारच्या दफ्तरात काम केले होते आणि औषधाच्या बाटलीवरचे लेबलसुद्धा ते खलिता लिहावा तसे लिहीत.

त्या दवाखान्यात काही पुरुष येत आणि कंबर दुखते म्हणून सांगत. डॉक्टर कंबर तपासत. कंबरेत काही सापडत नसे. मग पेशंट म्हणे, झोप लागत नाही. मग म्हणे, भूक नाही. औषध घेऊन तो उठे, दारापर्यंत जाई, कडीवर हात ठेवी आणि पाठमोराच म्हणे, “डॉक्टरसाब, एक और बात थी...” डॉक्टर मान वर करून थांबत. पण ती बात बाहेर येतच नसे. दार उघडे आणि माणूस निघून जाई. बाजारात भिंतीभिंतींवर गुप्तरोगाच्या जाहिराती रंगवलेल्या असत. तो कुठे जात असेल, हे डॉक्टरांना ठाऊक होते.

एके दिवशी डॉक्टर म्हणाले, “महिपतराव, यांना हे तोंडानं सांगता येत नाही. हातानं सांगता येईल का, बघूया.”

त्यांनी एका कागदावर थोडे प्रश्न लिहिले. लिहिताना ते स्वतःशी वाचत होते, म्हणून मला कळले. गेल्या महिनाभरात पत्नीजवळ जाण्याची इच्छा झाली का? इच्छा झाली तेव्हा शरीराने साथ दिली का? ती साथ शेवटपर्यंत टिकली का? शरीर साथ देईल असा भरवसा वाटतो का? आणि सर्वांत शेवटी, पती-पत्नी म्हणून तुम्ही दोघे समाधानी आहात का? प्रत्येक प्रश्नापुढे पाच उत्तरे होती: कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बहुतेक वेळा, नेहमी. त्यातल्या एकावर खूण करायची. ‘कधीच नाही’ला एक गुण, ‘नेहमी’ला पाच. बेरीज जितकी कमी, तितका त्रास जास्त. उपचारानंतर पुन्हा तोच कागद भरून घ्यायचा, म्हणजे फरक पडला का ते समजते.

“पण एक लक्षात ठेवा,” डॉक्टर महिपतरावांना म्हणाले. “ही बेरीज किती ते सांगेल. का ते सांगणार नाही. ते आपल्याला शोधावं लागेल.”

महिपतरावांनी मान डोलावली आणि कागद छापखान्यात नेला. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी. छापून आला तेव्हा त्याच्या डोक्यावर पाच ओळी जास्तीच्या होत्या: नाव, वडिलांचे नाव, खाते, हुद्दा, सेवेत रुजू झाल्याची तारीख. डॉक्टरांनी खालचे प्रश्न दोनदा तपासले. वरच्या ओळींवरून त्यांची नजर नुसती घसरत गेली, कारण ग्वाल्हेरात अशा ओळींशिवायचा कागद त्यांनीही जन्मात पाहिला नव्हता.

मला वाटले, आता माझे जुने दिवस परत आले. पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तरे. पण मित्रांनो, माझी मती गुंग झाली. पहिल्या गृहस्थांनी मला मांडीवर घेतले तेव्हा त्यांच्या तळहाताचा घाम माझ्या कडेला लागला. पेन्सिलीचे टोक ‘क्वचित’वर येऊन टेकले. तिथे ते इतका वेळ राहिले की मला वाटले, गृहस्थांना डुलकी लागली. मग ते टोक एकदम उचलले गेले, ‘नेहमी’वर आले आणि असे दाबले गेले की माझ्या अंगात खळगा पडला. दुसऱ्या प्रश्नाला तेच. तिसऱ्यालाही तेच. दुसरे गृहस्थ आले, त्यांनीही ‘नेहमी’. बिर्लानगरच्या गिरणीतला एक जॉबर, म्हणजे मुकादम, आला, त्याने तर प्रश्न न वाचताच सगळीकडे ‘नेहमी’ केले आणि शेवटी सही ठोकली.

डॉक्टर कागदांची चळत पुढे घेऊन बसले.

“महिपतराव, या कागदांप्रमाणे ग्वाल्हेरच्या आख्ख्या लष्कर भागात एकही आजारी पुरुष नाही. मग बाकावर बसलेत ते कोण?”

“बरे झाले असतील, साहेब,” महिपतराव म्हणाले. “तुमच्या हाताला गुण आहे.”

“औषध द्यायच्या आधीच?”

“गुण आहेच तसा.”

ते एकोणीसशे छपन्न साल होते. मध्यभारतही आता मोडणार होता. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला नवा मध्यप्रदेश व्हायचा होता आणि राजधानी भोपाळला जायची होती. दवाखान्याच्या बाकावर दुसरे बोलणेच नसे. सचिवालयातले कारकून खोकल्याच्या औषधाला यायचे आणि एकमेकांना विचारायचे, “भोपाल मिला क्या?” उत्तर यायचे, “अभी तो बस कागद पे कागद भर रहे हैं.” कुणाला वय लिहून द्यायचे होते, कुणाला पगार, कुणाला मुलेबाळे. आपण कोणत्या श्रेणीत बसणार, राहणार की जाणार, कुणालाच माहीत नव्हते. मी तर विचार करणेच सोडून दिले होते. माझ्या पाठीवर आता तिसरे नाव कोण लिहिणार, एवढीच मला धास्ती होती.

अशा दिवसांत शरच्चंद्र हर्षे दवाखान्यात आला. तो सचिवालयाच्या हिशेबशाखेत होता, खासगी बाजार नावाच्या मोहल्ल्यात राहायचा. वय पस्तिशीच्या आसपास. कोट चांगल्या कापडाचा, पण अंगावर दुसऱ्याचा असावा तसा सैल झालेला. तोही कंबरेपासूनच सुरू झाला. डॉक्टरांनी त्याचे सगळे ऐकून घेतले आणि कागद लावून मला त्याच्या हातात दिले.

त्याने डोक्यावरच्या पाच ओळी अगदी टापटीप भरल्या. रुजू झाल्याची तारीख लिहिताना तर त्याला जरा बरेच वाटल्यासारखे झाले. मग प्रश्न आले आणि पेन्सिल तशीच अडखळत अडखळत ‘नेहमी’वर जाऊ लागली. सगळे झाल्यावर त्याने मला दोन्ही हातांनी डॉक्टरांपुढे ठेवले आणि अदबीने विचारले, “साहेब, याची नक्कल भोपाळला कधी जाईल?”

“कसली नक्कल?”

“या कागदाची. सेवापुस्तकाला जोडणार ना?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “तुमच्या सेवापुस्तकाला मी हे कशाला जोडीन?”

शरच्चंद्र गोंधळला. “वर खातं विचारलंय, हुद्दा विचारलाय. फळीवर सरकारी नंबर आहे. आमच्या शाखेत सगळे म्हणून राहिलेत की भोपाळला पाठवायच्या आधी माणूस धडधाकट आहे की नाही ते बघून घेतात. पहिल्यांदा वय विचारलं. मग पगार. मग मुलं किती. आता हे आलं. मला वाटलं, क्रमानंच चाललंय.”

डॉक्टर मोठ्याने हसले. मग समोरचा माणूस हसत नाही हे पाहून थांबले. त्यांनी चळतीतला एकेक कागद वरून पाहिला, पहिल्यांदाच. महसूल खाते, शिक्षण खाते, बांधकाम खाते. गिरणीतल्या जॉबरने ‘खाते’ या शब्दापुढे ‘सूत’ लिहिले होते.

“महिपतराव! याला हे डोकं कुणी लावलं?”

“मी लावलं, साहेब,” महिपतराव अभिमानाने म्हणाले. “बगैर डोक्याचा कागद कोण मानेल?”

“मानला की हो सगळ्यांनी! अगदी जिवापाड मानला!”

त्या दिवशी डॉक्टरांनी कात्री घेऊन उरलेल्या प्रत्येक कागदाचे डोके उडवले. माझी पाठही खरवडली. ‘मध्यभारत’ आणि क्रमांक दोन्ही गेले आणि त्या जागी काहीच लिहिले गेले नाही. मित्रांनो, कुणाचीच नसण्याची मला सवय नव्हती. बाकीच्यांनाही नव्हती. एका गृहस्थांनी कापलेल्या कागदावर आपल्याच हाताने आधी नाव, मग वडिलांचे नाव लिहिले आणि मग कुठे त्यांना हायसे वाटले. दुसऱ्याने कागद उलटसुलट केला आणि विचारले, “नाम नहीं, तो ये मेरा कैसे हुआ?”

शरच्चंद्रला डॉक्टरांनी कोरा कागद लावून दिला. “हे फक्त मी वाचणार. आता खरं लिहा.” पण त्याची पेन्सिल हलेना. बाकावरचा माणूस वाकून बघत होता.

“घरी घेऊन जाऊ का?” त्याने विचारले.

“जा. फळीही न्या, कागद चुरगळणार नाही. उद्या रविवार आहे, निवांत भरा.”

“मला जरा जल्दी आहे, साहेब. एक तारखेच्या आत निघायचंय. मी एकट्याचं कळवलंय.”

“एकट्याचं? आणि पत्नी?”

“ती इथंच राहील. आईजवळ.” मग दारापाशी थांबून, कडीवर हात ठेवून तो म्हणाला, “तिथं गेलो की घरात कुणाला काही सांगावं लागणार नाही.”

त्यानंतर डॉक्टरांनी काय केले कोण जाणे. मी पाहिले नाही. मी त्याच्या काखेत होते, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

रविवारी जेवणे झाल्यावर तो मला घेऊन गच्चीवर गेला. दिवाळी तोंडावर आली होती. ग्वाल्हेरची थंडी सुरू होण्याआधी सगळ्या गच्च्यांवर रजया उन्हात पडल्या होत्या. कठड्याला टेकून त्याने मला मांडीवर घेतले. आता वर डोके नव्हते, पाठीवर नंबर नव्हता, डोकावणारे कुणी नव्हते. सरकारची भीती संपली होती. मला वाटले, आता हा खरे लिहील. पेन्सिल ‘कधीच नाही’वर आली. थांबली. आणि मग आपली आपणच सरकत ‘नेहमी’वर गेली आणि रुतली. दुसऱ्या प्रश्नालाही तसेच. तिसऱ्यालाही. मी चक्रावले. इथे तो कुणाला फसवत होता? कागद त्याचा, प्रश्न त्याचे, आणि बघायला फक्त मी.

तेवढ्यात त्याची बायको पद्मा रजया उलटवायला वर आली.

“मोठी रजई बांधू का छोटी?” तिने विचारले.

“छोटी. एकट्याला पुष्कळ झाली.”

रजई झटकताना तिचे लक्ष माझ्याकडे गेले. “काय भरताय?”

“दफ्तराचं आहे.”

“घर मिळण्याबद्दल आहे का? बघू.” आणि त्याने आवरायच्या आत तिने मला उचलले.

पद्मा शाळेत शिकलेली होती, भराभर वाचायची. तिने उभ्याउभ्याच पहिला प्रश्न वाचला. मग ती खाली रजईवर बसली.

“दफ्तर हे विचारतं?”

तो मला घ्यायला वाकला, तिने मला स्वतःकडे ओढले.

“आणि तुम्ही लिहिलंत, नेहमी. नेहमी. नेहमी.” तिचे बोट प्रत्येक खुणेवर टेकत गेले. ते पेन्सिलीपेक्षा जास्त टोचले. “मग मी कुठे होते?”

“अगं...”

“मागच्या दिवाळीपासून तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपता. मी म्हटलं, कामाचा ताण असेल. मग म्हटलं, मीच नकोशी झाले असेन. आता समजलं. एकट्याची बदली, एकट्याची रजई. कोण आहे हो भोपाळला?”

“कुणी नाही! भोपाळ मी अजून पाहिलंसुद्धा नाही!”

“मग हे ‘नेहमी’ कुणाबरोबर?”

स्वतःची लाज झाकायला केलेल्या खुणा दुसऱ्या कुणाला असेही काही सांगतील, हे शरच्चंद्रच्या ध्यानीमनी नव्हते.

“खोटं आहे ते,” तो म्हणाला. “सगळं खोटं लिहिलंय.”

“मग खरं काय?”

त्याने तोंड उघडले. मिटले. पुन्हा उघडले. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी काठीने रजई झोडपत होते. मग त्याने हात पुढे केला. “फळी दे.”

त्याने पहिली खूण खोडली आणि ‘कधीच नाही’वर केली. दुसरी खोडली, ‘कधीच नाही’. तिसरी, तीच. भरवशाच्या प्रश्नापाशी तो थोडा थांबला आणि तिथेही त्याने तेच केले. शेवटचा प्रश्न त्याने तसाच सोडला. मग मान वर न करता त्याने मला तिच्याकडे सरकवले.

ती वाचू लागली. मला वाटले, आता ही रागावेल, किंवा उठून खाली जाईल. मला माणसांचे काही कळत नाही, हे तेव्हा नक्की झाले, कारण तिने वाचता वाचता दोनदा पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, “एवढंच?”

“एवढंच म्हणतेस!”

“एवढंच हो. मी काय काय समजून बसले होते.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “मला सांगायचं होतंत.”

“काय सांगणार? असलं कुणी सांगतं का?”

“लिहिलंत ना आता.”

मग तिने कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. “यात तहानेचं नाही विचारलं.”

“कसली तहान?”

“तुमची. उशाशी तांब्या भरून ठेवते, तो पहाटेपर्यंत रिकामा होतो. मग माठाकडे जाता. मग सारखं जिन्यावरून खाली जाता. आणि कोट किती ढगळ झालाय. पेन्सिल द्या.”

“अगं, हा माझा कागद आहे.”

“तुमचाच आहे. मी कडेला लिहितेय.”

तिची अक्षरे गोल होती आणि हलकी, मला गुदगुल्या झाल्या. तहान फार लागते, लघवीला वारंवार जावे लागते, खाणे नीट असून अंग झडले आहे. आणि शेवटी, हे विचारलेले नाही तरी लिहिते.

सोमवारी शरच्चंद्रने मला डॉक्टरांपुढे ठेवले आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिला. डॉक्टरांनी बेरीज केली. ती अगदी तळाला होती. मग त्यांची नजर कडेच्या गोल अक्षरांवर गेली आणि ते खुर्चीत सावरून बसले. त्यांनी शरच्चंद्रला बाटली देऊन आत पाठवले. महिपतरावांनी परीक्षानळीत निळे औषध घेतले, त्यात लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचे हिरवे झाले, हिरव्याचे पिवळे, आणि बघता बघता पक्के विटकरी.

“हर्षे, तुम्हाला मधुमेह आहे,” डॉक्टर म्हणाले.

शरच्चंद्र खिडकीपासून वळला. “म्हणजे साहेब, माझ्यात... तो दोष नाही?”

“तुम्ही आजारी आहात. दोष ही वेगळी गोष्ट झाली. साखर वाढली की नसांवर आणि रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो. मग शरीर साथ देत नाही. एकदा साथ दिली नाही की माणूस धास्तावतो आणि धास्तीनं ते आणखी बिघडतं. साखरेकडे मी बघतो. धास्तीकडे तुम्हा दोघांना बघावं लागेल.”

“पहिल्यासारखं होईल?”

“काही सुधारेल. किती, ते आज सांगता यायचं नाही.” डॉक्टरांनी माझ्यावर बोट टेकवले. “पण तुम्ही इथं सगळीकडे ‘नेहमी’ ठेवलं असतंत, तर मी तुम्हाला कंबरेचं तेल देऊन भोपाळला जाऊ दिलं असतं. आणि तिथल्या खोलीत एकटे असताना तुम्ही बेशुद्ध पडला असतात, तर दार उघडायलाही कुणी नसतं. आहार सांभाळायचा, इंजेक्शनं घ्यायची. हे एकट्याचं काम नाही.”

“मी एकट्याचं कळवून बसलोय.”

“त्यात काय!” महिपतराव मध्येच म्हणाले. “दुसरा अर्ज द्या, सकुटुंब म्हणून. मी लिहून देतो. बाकायदा.”

त्यांनी तो माझ्यावरच लिहिला, डोक्यावरच्या ओळींसकट, आणि या वेळी डॉक्टरांनी कात्री काढली नाही. पद्माने मोठी रजई बांधली. म्हातारी आई थंडी संपल्यावर जाणार होती. मला कुणी निरोप दिला नाही. फळीला कोण देते? पण मी मात्र बाकावरच्या प्रत्येक नव्या माणसाच्या मांडीवर बसून त्या दोघांचे काय झाले असेल याचाच विचार करीत असे.

नवे राज्य झाले. रंगपंचमीच्या सुमाराला दोघे आईला न्यायला ग्वाल्हेरला आली, तेव्हा दवाखान्यात आली. शरच्चंद्रचा कोट आता अंगाला येत होता. पद्मा पलीकडे बायकांच्या बाकावर बसली. डॉक्टरांनी तसाच कोरा कागद पुन्हा लावून दिला.

पहिल्या प्रश्नाला ‘बहुतेक वेळा’. दुसऱ्याला ‘कधी कधी’. तिसऱ्याला पेन्सिल ‘क्वचित’वर आली आणि तिथेच राहिली, घाबरून पुढे पळाली नाही. भरवशाला ‘कधी कधी’. मग शेवटचा प्रश्न आला, पती-पत्नी म्हणून तुम्ही दोघे समाधानी आहात का. तिथे तो अडला. पेन्सिल पाचही उत्तरांवरून दोनदा फिरली. आणि मग तो उठला, मला घेऊन सगळ्यांदेखत बायकांच्या बाकापाशी गेला. तिथल्या दोन वृद्ध स्त्रियांनी चटकन डोक्यावर पदर घेतला.

“अगं,” त्याने विचारले, “याला काय लिहू?”

महिपतराव लगबगीने पुढे आले. “वहिनी, हा बायकांनी भरायचा कागद नाही.”

“मग प्रश्नात मला कशाला घेतलंत?” पद्मा म्हणाली आणि तिने पेन्सिल घेतली. “‘बहुतेक वेळा’ करते. बाकीचे दिवस तुम्ही घोरता.”

शरच्चंद्र हसला. एक वृद्ध बाईही पदराआड हसली. आतून डॉक्टरांनी हाक मारली, “महिपतराव, पुढच्या छपाईत त्या प्रश्नाखाली उत्तराच्या दोन ओळी घाला.” मग थोडे थांबून, “आणि फळीला दुसरी पेन्सिल बांधा.”

मित्रांनो, तेव्हापासून या माठावर येईपर्यंत कितीतरी वर्षे माझ्या चिमट्याला दोन पेन्सिली लटकत होत्या. दुसरी पेन्सिल सगळ्यांनी वापरली असे नाही. पुष्कळ जणांनी ‘नेहमी’वरच जोर काढला, माझ्या अंगावरचे खळगे बघा, हाताला लागतील. ती माणसे मला शेवटपर्यंत समजली नाहीत. तुम्हाला एवढेच सांगते, डॉक्टरांनी कधी असा कागद दिला तर तो परीक्षेचा समजू नका. त्यात जास्त गुण मिळवून कुणी वरच्या वर्गात जात नाही. जे असेल तेच लिहा. आणि घरात कुणी विचारले, काय भरताय, तर कागद झाकू नका. शेजारी बसायला जागा करून द्या.